एका वर्गाला दोन बाई

“तिच्या मुलाला आयसीटीत टाकलंय म्हणे.” क्वीन्समधल्या मराठी घरांत, कुणाच्या हळदीकुंकवाला नाहीतर मुलांच्या वाढदिवसाला, हे वाक्य येतं तेव्हा बोलणारीचा आवाज हटकून खाली उतरतो. पुढचा प्रश्न कुणी विचारत नाही, तरी सगळ्यांच्या मनात तोच असतो: मुलात काही कमी आहे का? आणि नसेल, तर तो त्या वर्गात करतोय काय?

आयसीटी म्हणजे इंटिग्रेटेड को-टीचिंग. न्यूयॉर्क शहराच्या सरकारी शाळांमधला हा दोन शिक्षकांचा वर्ग. एक शिक्षक नेहमीचा, दुसरा विशेष शिक्षणातला, आणि प्राथमिक शाळेत बहुधा दोघेही दिवसभर तिथेच. वर्गातली जास्तीत जास्त ४० टक्के मुलं ‘आयईपी’वाली, म्हणजे ज्यांच्यासाठी शाळेला कायद्याने बंधनकारक असा स्वतंत्र शिक्षण आराखडा करावा लागतो. कुणाला डिस्लेक्सिया, कुणाला एडीएचडी, कुणी ऑटिस्टिक, कुणी उशिरा बोलायला लागलेलं. उरलेली मुलं आमच्या थोरल्यासारखी, ज्यांच्या नावे कसलाही आराखडा नाही. कायदा झाला तो पहिल्या मुलांसाठी. मी लिहितेय ती दुसऱ्यांबद्दल, कारण आपल्या घरांत रात्री जेवताना काळजी केली जाते ती त्यांचीच.

थोरल्याला हा वर्ग तिसरीत लागला. आयईपी नसलेल्या मुलाच्या आईबापांना आधी कुणी विचारत नाही. शाळा सुरू व्हायच्या सुमारास वर्ग कळतो, त्यापुढे दोन शिक्षिकांची नावं दिसतात, आणि आपण काय ते समजायचं. त्यात तिसरी म्हणजे राज्याच्या परीक्षांचं पहिलं वर्ष. इंग्रजी आणि गणित, तिथपासून दरवर्षी, थेट आठवीपर्यंत. एका मैत्रिणीचा त्याच संध्याकाळी फोन आला. “प्रिन्सिपलला मेल टाक. आत्ताच टाक, नंतर बदलून देत नाहीत.” तिच्या मते तोटे दोन: हुशार मुलं मागच्यांसाठी थांबून राहतात, आणि वर्गात दंगा होतो. दोन्ही शंका खुळचट नाहीत. मी मेल टाकला नाही तो काही मोठ्या मनाने नव्हे. विमा कंपनीत आकडे चाळून माझं पोट भरतं; कुणी ‘तोटा होतो’ म्हटलं की किती, कुणाला आणि कशाच्या तुलनेत, हे विचारल्याशिवाय मला चैन पडत नाही.

कशाच्या तुलनेत, हे सगळ्यात आधी. आपल्या लोकांच्या डोक्यात जो दुसरा वर्ग असतो, सगळी मुलं एकसारखी आणि सगळी झरझर पुढे जाणारी, तो अमेरिकेतल्या सरकारी शाळेत जवळजवळ नसतोच. १९७५ साली राष्ट्राध्यक्ष जेराल्ड फोर्ड यांच्या सहीने जो कायदा झाला त्याने प्रत्येक दिव्यांग मुलाला सरकारी खर्चाने योग्य शिक्षण मिळण्याचा हक्क दिला. त्याआधी अशा पाच मुलांतल्या जेमतेम एकाला इथल्या शाळा शिकवत होत्या. कित्येक राज्यांत तर अंध, बहिरी किंवा मतिमंद ठरवलेली मुलं शाळेने नाकारावीत अशी कायद्यातच सोय होती. १९९० मध्ये या कायद्याचं नाव बदललं, पुढे दुरुस्त्या होत गेल्या, पण मुलाला शक्य तितकं इतर मुलांबरोबरच शिकवायचं हे कलम टिकलं. आज सरकारी शाळांतली साधारण १५ टक्के मुलं या कायद्याखाली येतात, आणि त्यांतली जवळपास दोन तृतीयांश मुलं शाळेचा ८० टक्के किंवा त्याहून जास्त वेळ नेहमीच्याच वर्गात असतात. म्हणजे निवड ‘अशी मुलं असलेला वर्ग’ आणि ‘नसलेला वर्ग’ यांतली नसते. ती असते दोन शिक्षकांचा वर्ग आणि एका शिक्षकाचा वर्ग, यांतली. मैत्रिणीला हे सांगितलं तर ती म्हणाली, “अगं, पण तिकडे कमी असतात ना!” बरोबर आहे. कमी असतात.

मग किती तोटा होतो? पोलंडच्या शुमस्की आणि त्यांच्या दोन सहकाऱ्यांनी २०१७ मध्ये ४७ अभ्यास एकत्र केले. त्यांत मिळून जवळजवळ ४८ लाख मुलं होती. प्रश्न नेमका आपलाच: दिव्यांग मुलांबरोबर शिकणाऱ्या बाकीच्या मुलांच्या अभ्यासाचं काय होतं? उत्तर निघालं किंचित फायदा, ०.१२ एवढा. याचा अर्थ असा की शंभर मुलांच्या रांगेत बरोबर मध्यावर असलेलं मूल चार-पाच जागा पुढे सरकतं. त्याआधी २००७ मध्ये मँचेस्टरच्या संशोधकांनी २६ अभ्यास तपासले होते. त्यांतले ८१ टक्के निष्कर्ष एकतर फायद्याचे नाहीतर ‘काही फरक नाही’ असे होते. टेक्सासच्या आकडेवारीवरून हानुशेक, केन आणि रिव्हकिन या अर्थशास्त्रज्ञांनी २००२ मध्ये दाखवलं की विशेष शिक्षणाने ते घेणाऱ्या मुलांचं गणित सुधारतं आणि इतरांचं काही बिघडत नाही.

हे वाचून मी हुरळून गेले नाही. कुठलीही शहाणी मुख्याध्यापिका अशा वर्गाची यादी डोळे मिटून करत नाही. सांभाळून घेणारी, जरा शांत मुलं त्यात घातली जातात, शिक्षिकाही अनुभवी बघितल्या जातात. मग वर्षाअखेर त्या वर्गाचे मार्क बरे आले तर श्रेय कुणाला द्यायचं? शिवाय हे सगळे अभ्यास मुलं एकत्र बसवण्याबद्दलचे आहेत, दोन शिक्षकांबद्दलचे नव्हेत. दोन शिक्षकांच्या वर्गावर २००१ मध्ये मुराव्स्की आणि स्वान्सन यांनी ८९ लेख जमवले, तर परिणाम मोजता येईल इतकी माहिती त्यांतल्या फक्त ६ लेखांत निघाली! इतक्या शाळांनी ही पद्धत घेतली, लाखो डॉलर पगारावर गेले, आणि हिशेबाची वही एवढीशी. अलीकडे मॅसॅच्युसेट्समध्ये जरा बरं काम झालं. तिथे जोन्स आणि विंटर्स यांनी तेच मूल एका वर्षी किंवा एका विषयाला दोन शिक्षकांकडे आणि दुसऱ्या वेळी एकाच शिक्षकाकडे असताना कसं शिकतं ते ताडून पाहिलं. फायदा दिसला, आयईपी असलेल्यांना आणि नसलेल्यांनाही. पण अगदी थोडा, आधीच्या अभ्यासांत दिसायचा त्याहून बराच कमी.

तेव्हा मैत्रिणीच्या पहिल्या शंकेचं उत्तर असं: सरासरीने पाहिलं तर मुलं थांबून राहत नाहीत. फार पुढेही पळत नाहीत.

पण सरासरीला कुणाचं मूल शाळेत जात नाही. मला सगळ्यात कामाचा वाटला तो प्रयोग खरं तर या विषयावरचा नाहीच. टेनेसी राज्याने १९८५ पासून चार वर्षं ७९ शाळांमधली मुलं, चिठ्ठ्या टाकाव्यात तशी, तीन तऱ्हेच्या वर्गांत वाटली: १३ ते १७ मुलांचा लहान वर्ग, २२ ते २५ मुलांचा नेहमीचा वर्ग, आणि तेवढीच मुलं पण शिक्षिकेच्या मदतीला पूर्णवेळ सहायक. लहान वर्गातली मुलं स्पष्टपणे पुढे गेली. सहायक दिलेल्या वर्गाला त्या जादा माणसाचा म्हणण्यासारखा फायदा झाला नाही. खोलीत मोठं माणूस एक वाढलं म्हणून शिकणं वाढत नाही.

आता याच्या शेजारी २००७ मधला दुसरा एक आढावा ठेवा. स्क्रग्ज, मास्त्रोपिएरी आणि मॅक्डफी यांनी दोन शिक्षकांच्या वर्गांत प्रत्यक्ष बसून, शिक्षकांशी बोलून केलेले ३२ अभ्यास वाचून काढले. सगळीकडे जास्तकरून दिसलं ते हे: एक शिकवतो, दुसरा मदत करतो. आणि मदत करणारा बहुधा विशेष शिक्षक. म्हणजे पदवी शिक्षकाची, परवाना शिक्षकाचा, पगार शिक्षकाचा आणि काम टेनेसीतल्या सहायकाचं. बाकांमधून फिरायचं, कुणाचं पेन पडलं तर उचलून द्यायचं, कुणी खिडकीबाहेर बघत असेल तर खांद्यावर हात ठेवायचा. माझ्या मते सगळी मेख इथे आहे. शेजारच्या खुर्चीत कोण बसलंय यावर पालक डोकं फोडतात. बघायला हवं ते दुसऱ्या बाई काय करतायत.

थोरल्याच्या वर्गात त्या काय करत होत्या ते मला एका तासाला बघायला मिळालं. पालकांना वर्गात बसू देतात असे काही दिवस असतात, त्यांतला एक. विषय अपूर्णांक. वर्ग दोन भागांत विभागलेला: अर्धी मुलं फळ्याजवळ नेहमीच्या बाईंकडे, अर्धी गालिच्यावर विशेष शिक्षणाच्या बाईंकडे. धडा दोन्हीकडे तोच. आयईपीवाली मुलं दोन्हीकडे सारखी वाटलेली. आमचा गालिच्यावर होता. प्रत्येकाला कागदाची लांब पट्टी दिलेली आणि सांगितलेलं, तीन सारखे भाग करा. पट्टी मधोमध दुमडायला कुणालाही येते. तिनात दुमडणं अवघड, करून बघा. बहुतेकांचे भाग लहानमोठे झाले. बाईंनी दुरुस्त केले नाहीत. एका मुलीची वेडीवाकडी पट्टी वर धरून विचारलं, “हा एक तुकडा एक तृतीयांश आहे का?”

थोरल्याने तत्काळ हात वर केला. “हो, तीनमधला एक.” वेगात उत्तर देणं हा त्याचा गुण आहे, असं आम्ही घरात समजत होतो.

“का?”

“कारण भाग तीन आहेत.”

बाई काही बोलल्या नाहीत. कानांवर मोठे हेडफोन घातलेला एक मुलगा पट्टीकडे बघत होता. तो म्हणाला, “नाही. मला भूक लागली असेल तर मी हा घेईन,” आणि सगळ्यात मोठ्या तुकड्यावर बोट ठेवलं. थोरला गप्प. मग भाग सारखे असले पाहिजेत हे वाक्य स्वतःच्या तोंडाने तयार करायला त्याला बराच वेळ लागला, आणि बाईंनी तो वेळ त्याला दिला. पंचवीस-सव्वीस मुलांच्या वर्गात, एकट्या बाईंपुढे, त्याचं ते पहिलं उत्तर सहज खपून गेलं असतं. गालिच्यावर तेरा मुलं होती. तिथे लपायला जागा नव्हती.

मुलं अशी दोन ठिकाणी वाटून तोच धडा शिकवायच्या या पद्धतीला समांतर शिकवणं म्हणतात. लिन कुक आणि मॅरिलिन फ्रेंड यांनी १९९५ मध्ये दोघांनी मिळून शिकवायच्या ज्या पद्धती मांडल्या त्यांतली ही एक. इथल्या शिक्षकांना ती यादी तोंडपाठ असते. पाठ असणं वेगळं. समांतर शिकवायचं तर दोघींनी आदल्या दिवशी बसून कुठे थांबायचं, कुठला प्रश्न आधी विचारायचा हे ठरवलेलं असावं लागतं. नाहीतर दुसऱ्या दिवशी एक गट पुढे, एक मागे.

आणखी एक बारीक गोष्ट. एका मुलासाठी त्याच्या बाकावर परिच्छेद कसा लिहायचा याच्या चार पायऱ्या चित्रांसकट चिकटवल्या होत्या. महिन्याभरात तो कागद वर्गातल्या निम्म्या बाकांवर दिसायला लागला, कारण बाकीच्यांनी मागून घेतला. थोरला अजून निबंधाला बसला की आधी कोपऱ्यात त्या चार खुणा काढतो.

आता दुसरी शंका, दंग्याची. ती मी उडवून लावणार नाही. त्या हिवाळ्यात वर्गातल्या एका मुलाचे दिवस फार वाईट चालले होते. खुर्ची भिरकावली जायची, मग एक बाई त्याच्याजवळ थांबायच्या आणि दुसऱ्या बाकी सगळ्यांना घेऊन बाहेर, कॉरिडॉरमध्ये नाहीतर लायब्ररीत. वाचनाचा तास गेला की गेला. तो भरून कुणी दिला नाही. जेसन फ्लेचर यांनी २०१० मध्ये बालवाडी-पहिलीच्या मुलांच्या देशव्यापी आकडेवारीवर नेमकं हेच दाखवलंय: गंभीर भावनिक अडचणी असलेलं मूल वर्गात असेल तर इतरांचे वाचनाचे आणि गणिताचे गुण कमी होतात. सगळ्या दिव्यांग मुलांबद्दलचं विधान नाही हे. वाचता न येणाऱ्या, कमी ऐकू येणाऱ्या मुलामुळे कुणाचा तास बुडत नाही. पण या एका बाबतीत पालकांना ‘तुमचा समज चुकीचा आहे’ असं समजावत बसणं हा शाळांचा कोडगेपणा आहे. त्या मुलाला दिवसभर सोबत करणारा माणूस मिळायला वसंत उजाडला, आणि तो मिळाल्यावर दोनेक आठवड्यांत वर्ग ताळ्यावर आला. तो माणूस आधी मिळाला असता तर त्या पोराचाही हिवाळा वाचला असता. माझ्या मुलाच्या वाचनाचा हिशेब मी त्या पोराच्या नावावर मांडत नाही, पण तो मांडतच नाही असंही नाही.

याच सुमारास सासूबाई आल्या होत्या. त्या सातारा जिल्ह्यात, पाटणच्या डोंगरातल्या द्विशिक्षकी शाळेतून निवृत्त झालेल्या. इथे मुलांनी लिहिलेल्या गोष्टी पालकांना वाचून दाखवायचा कार्यक्रम असतो, त्याला ‘पब्लिशिंग पार्टी’ म्हणतात. त्याला त्यांना घेऊन गेले. छोट्या खुर्चीवर बसून त्यांनी सगळा वर्ग नजरेखालून घातला.

“ही दुसरी बाई कुणासाठी गं?”

“सगळ्यांसाठी, आई. कुठल्या मुलाला कशासाठी मदत लागते हे इथे मुलांना कळतसुद्धा नाही.”

“कळत नाही कसं? मला तर दोन मिनिटांत कळलं. तो कान झाकलेला, ही कडेची, आणि ते खिडकीजवळचं. पोरांना सगळं कळतं. ती बोलत नाहीत एवढंच.”

घरी आल्यावर चहा घेताना त्या म्हणाल्या, “एका वर्गाला दोन बाई म्हणजे चैनच की. आमच्याकडे पहिली-दुसरी माझ्याकडे, तिसरी-चौथी गुरुजींकडे. गुरुजी तालुक्याला मीटिंगला गेले की चारही माझ्याकडे. मग चौथीतली चुणचुणीत पोरगी पहिलीची उजळणी घ्यायला बसवायची. तिचंच पाठांतर पक्कं व्हायचं. पण तीच ती रोज बसवली की तिचा बाप शाळेत हजर. ‘बाई, माझी पोर मी शिकायला पाठवतो की शिकवायला?’”

त्या बापाचा प्रश्न मला फार आवडला. हुशार मुलांना इतरांना समजावून सांगायला लावणं चांगलं, हे सगळेच म्हणतात; त्यात बिनपगारी सहायक तयार होतो हे कुणी म्हणत नाही. व्हँडरबिल्ट विद्यापीठातल्या डग आणि लिन फुक्स या दांपत्याने मुलांच्या जोड्या लावून वाचन शिकवायची पद्धत तयार केली, तीत मुलांच्या भूमिका ठरल्या वेळी अदलाबदल होतात: आधी चांगलं वाचणारा वाचतो, मग दुसरा तेच वाचतो, दोघंही आळीपाळीने एकमेकांच्या चुका पकडतात. त्यांच्या १९९७ च्या प्रयोगात वाचनाची अक्षमता असलेल्या, ती नसूनही कच्च्या आणि मधल्या अशा तिन्ही तऱ्हेच्या मुलांचं वाचन सुधारलं. त्या बापाला हे चाललं असतं असं सासूबाईंचं मत पडलं. “आळीपाळीने असेल तर कोण नाही म्हणतंय?”

त्यांच्या वर्गात एक कमी ऐकू येणारा मुलगा होता. त्याला त्या पुढे बसवायच्या आणि फळ्याकडे पाठ करून बोलायच्या, एवढंच त्यांच्या हातात होतं. फिरते विशेष शिक्षक वगैरे त्यांच्या नोकरीच्या शेवटी शेवटी ऐकू येऊ लागले. खरं तर अशा मुलांना नेहमीच्या शाळेत आणायची केंद्र सरकारची योजना १९७४ ची, म्हणजे अमेरिकेच्या कायद्याच्याही एक वर्ष आधीची. प्राथमिकला दहा दिव्यांग मुलांमागे आणि माध्यमिकला पंधरांमागे एक विशेष शिक्षक हवा, हे सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं ते २०२१ मध्ये. सासूबाईंनी हे ऐकून फक्त मान हलवली आणि चहाचा कप उचलला.

नव्याने आयसीटी लागलेल्या आया मला आता फोन करतात आणि एकच विचारतात: थोरल्याचे राज्याच्या परीक्षेतले मार्क कसे आले? बरे आले. पण त्यावरून काही कळत नाही. दुसऱ्या वर्गात किती आले असते हे सांगायला दुसरा थोरला माझ्याकडे नाही. मी त्यांना उलट सांगते, शाळेत जाऊन तीन गोष्टी विचारा. दोघी शिक्षिकांना एकत्र बसून धडे ठरवायला वेळापत्रकात समान मोकळा तास आहे का. वह्या कोण तपासतं, दोघी की एकच. आणि दुसऱ्या कुठल्या वर्गाची शिक्षिका रजेवर असली की या दोघींतली एक तिकडे पाठवतात का. तिसरा प्रश्न विचारला की समोरचा माणूस जरा चुळबुळ करतो. कारण ते सर्रास होतं, ‘तुमच्याकडे दोघी आहेतच की’ म्हणून. आणि जाते ती बहुधा विशेष शिक्षणाची बाई.

यंदा त्या दोघींतली एक पाचवीवर गेली. तिच्या जागी नवीन शिक्षिका आल्या आहेत, तरुण आहेत, उत्साही आहेत, पण दोघींचे मोकळे तास वेळापत्रकात वेगवेगळ्या वेळी पडलेत. परवा वर्गात डोकावले तर एक फळ्याजवळ होत्या आणि दुसऱ्या बाकांमधून फिरत होत्या. पुढच्या आठवड्यात पालकसभा आहे, तिथे मी हा विषय काढणार आहे, आणि या खेपेला मैत्रिणीलाही बरोबर यायला सांगितलंय. धाकटी त्याच वर्गात आहे.